एकोणीस नंबरच्या घरातली हरकत

माझी नोकरी नेमकी काय आहे हे मी सासूबाईंना दर पत्रात समजावून सांगत असे, आणि त्या अकोल्याला शेजारीपाजारी सांगत असत, "सुनंदा अमेरिकेत कानाला डबडं लावून बसते. त्याचा पगार देतात म्हणे तिला." तसं पाहिलं तर त्यांचं फारसं चुकत नव्हतं. शिकागोच्या उत्तरेला एका विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात मी सतरा वर्षं कानाला डबडं लावून बसले. प्राध्यापक मंडळी जगभरच्या माणसांच्या मुलाखती घेऊन त्या कॅसेटवर टेप करत, आणि त्या कॅसेट ऐकून शब्दन् शब्द टाइप करायचं काम माझं. तिथं याला ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. आता हे काम यंत्रं करतात, असं माझा भाचा सांगतो. करू देत बापडी.

सामान साधंच असायचं. टेबलावर कॅसेटचं मशीन, कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल पुढं दाबलं की टेप चालते, टाच दाबली की दोनचार शब्द मागं येते. शिवणाच्या मशीनवर बसलेल्या बाईसारखं हातापायांचं जमावं लागतं. तासाभराच्या टेपला चारपाच तास लागतात, बोलणारा खोकणारा असेल तर सहा. नियम तीनच. ऐकाल ते लिहा, माणसानं काय बोलायला हवं होतं ते लिहू नका. टेप ऑफिसबाहेर नेऊ नका. आणि ऐकू आलं नाही तर कंसात 'अस्पष्ट' असं लिहून पुढं जा, अंदाज करू नका.

हा तिसरा नियम माझ्या अगदी जिवावर यायचा. नागपूरला मी स्टेनोच्या वर्गात पहिली आलेली, माझ्या कागदावर 'अस्पष्ट' म्हणजे माझ्या कानाचा अपमान. एखादा शब्द लागला नाही तर मी तो वीसवीस वेळा ऐकायची, जेवणाची सुट्टी घालवायची, पण लावायचीच. विभागात सगळ्यांत कमी 'अस्पष्ट' माझे असत, आणि याचा मला चांगलाच तोरा होता. "सुनँडाला सगळं ऐकू येतं," असं प्राध्यापक म्हणत. नावाचा चुराडा करून का होईना, कौतुक ते कौतुक.

किती तऱ्हेची माणसं त्या हेडफोनमधून भेटली! एक निवृत्त महापौर तासभर शेंगा खात लोकशाहीवर बोलले. त्यात मला टरफलं तेवढी स्पष्ट ऐकू आली. एका बाईंच्या मागं पोपट होता. तो मध्येच प्राध्यापकांना "खोटं, खोटं" म्हणायचा, आणि नियम म्हणजे नियम, मी तेही लिहिलं. आणि एक म्हातारी, तुरुंगात गेलेल्या मुलाबद्दल विचारल्यावर गप्प झाली. टेप फिरत राहिली. मी घड्याळाकडे बघत बसले, तीन मिनिटं दहा सेकंद. त्या दिवसापासून मी माणसांचं गप्प बसणंही नीट लिहायला लागले. कंसात 'विराम', पुढं सेकंद. बाकीच्या टायपिस्ट हसायच्या, पण मी ती सवय सोडली नाही.

आता मुख्य गोष्ट. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. आमचे प्रोफेसर कार्लसन म्हणजे साडेसहा फूट उंच, मवाळ माणूस, कोटाच्या खिशात कायम अर्धं खाल्लेलं सफरचंद. त्यांच्या संशोधनाचा विषय असा, की जिथं राजाचा शब्द हाच कायदा आणि बापजाद्यांची रीत हाच धर्म, अशा कडक देशांत मोकळीक येते ती कशामुळं? त्यांनी खोलीच्या भिंतीवर कारणांची यादी लावली होती. तेलाचा भाव, युद्ध, परदेशांचा दबाव, शिकलेला मध्यमवर्ग, डिश अँटेना. मुलाखतीला येणारा जो तो त्यातलं आपल्या खात्याचं कारण उचले. अर्थखात्यातला माणूस तेल म्हणे, पत्रकार डिश म्हणे. मुलाखत देणाऱ्यांची नावं गुप्त असत, म्हणून प्रत्येकाला नंबर.

एकोणीस नंबर हे वाळवंटातल्या एका राज्याचे निवृत्त अधिकारी. राज्याचं नाव मी तेव्हा लिहिलं नाही, आताही लिहिणार नाही. हृदयाचं ऑपरेशन करून घ्यायला ते शिकागोला आले होते, आणि बरं होईपर्यंत अपार्टमेंटमध्ये बसून कंटाळले म्हणून मुलाखतीला तयार झाले. तीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळांच्या खात्यात काढली होती. आवाज घोगरा, इंग्रजी जाडसर, मध्येच एखादा अरबी शब्द. तसा शब्द आला की मी कंसात 'परभाषेतला शब्द' असं लिहून पुढं जाई.

त्यांच्या पहिल्याच टेपनं मला धरून ठेवलं. ते म्हणाले, "प्रोफेसर, तुमची यादी चांगली आहे. पण मी तुम्हाला एका गावाची गोष्ट सांगतो. आम्ही तिथं मुलींची शाळा काढायची ठरवली, तर गावातले पुरुष ट्रकमध्ये बसून राजधानीत आले. म्हणाले, शाळा झाली तर आमची अब्रू जाईल. आम्ही शाळा थांबवली. सहा वर्षांनी तेच पुरुष आले. सगळ्यांत मोठ्यानं ओरडलेला माणूस पुढं. म्हणाला, शाळा द्या."

"मध्ये काय झालं? तेल?" कार्लसनसाहेबांचा आशाळभूत आवाज.

"पत्रं. गावातले जावई तेलाच्या कामावर दूर गेले. ते बायकांना पत्र लिहायचे. बायकांना वाचता येईना, म्हणून ते पत्र गावातला कारकून मोठ्यानं वाचून दाखवायचा. नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं पत्र, प्रोफेसर, परका पुरुष वाचतोय. त्या माणसाच्या मुलीचं पत्र असंच वाचलं गेलं आणि तो लाजेनं अर्धमेला झाला. मला म्हणाला, साहेब, अब्रू राखायची असेल तर मुलींना वाचता आलं पाहिजे."

मी पेडलवरून पाय काढून हेडफोन तसेच ठेवून बसले. ज्या लाजेपायी शाळा अडली त्याच लाजेपायी उघडली, हे त्या यादीत कुठं बसवायचं? कार्लसनसाहेबही काही बोलले नव्हते. मी लिहिलं, विराम, अकरा सेकंद.

लिहून झालेला मजकूर बोलणाऱ्याकडे तपासायला पाठवायची पद्धत होती. एकोणीस नंबरांचे कागद न्यायला त्यांची मुलगी यायची, नवाल. सत्तावीस-अठ्ठावीसची, डोक्याला करडा रुमाल, पायात बर्फाचे जाड बूट. वडिलांची काळजी घ्यायला ती बरोबर आली होती. आई आधीच गेलेली. पहिल्या दिवशी तिनं माझ्यासाठी खजूर आणले. दुसऱ्या वेळी मी तिला चिवडा दिला, तो तिनं तिखट लागून रडत रडत संपवला. मग ती आली की माझ्या टेबलापाशी टेकायचीच. एकदा हेडफोन कानाला लावून म्हणाली, "मावशी" (हे मीच शिकवलं होतं), "मला याच कामाला यायचंय. उलट्या बाजूनं."

तिला बहिऱ्या मुलींना बोलायला शिकवायचं होतं. त्यांच्या शहरात अशी शाळा होती, पण फक्त मुलग्यांची. बहिऱ्या मुली घरात बसून राहात. वडील झोपलेले असत तेव्हा नवाल आमच्याच विद्यापीठात जाऊन वर्गांना बसली, अर्ज केला, आणि दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला. आता अडलं होतं एका कागदापाशी. वडील परत गेल्यावर तिनं इथं एकटं राहायचं, तर तिच्या सरकारला वडिलांचं सहीचं पत्र हवं. त्याशिवाय ना शिष्यवृत्ती, ना परवानगी.

"मग विचारलंस का त्यांना?"

"विचारलं. म्हणाले, बघू."

बघू! हा शब्द कुठल्याही भाषेतल्या मुलीला कळतो. मी तिच्या हातात आणखी चिवडा ठेवला. परतीची तिकिटं पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारची होती.

आणि मग चौथी टेप आली. शेवटीशेवटी कार्लसनसाहेबांनी विचारलं, "हे सगळं इतरांच्या घरांचं झालं. तुमच्या स्वतःच्या घरात काय चाललंय?" एकोणीस नंबर खोकले. खोकत खोकत एक वाक्य बोलले, पुन्हा खोकले. मी ते ऐकलं आणि सरळ टाइप केलं, "इन माय ओन हाउस देअर इज ऑब्जेक्शन. फ्रॉम मॉर्निंग. व्हॉट कॅन आय से टू इट?" माझ्या स्वतःच्या घरात हरकत आहे. सकाळपासून. तिला मी काय बोलणार? वाक्य जरा विचित्र, पण अर्थ लागत होता. मनात आलं, बिचारी नवाल. कागद पाकिटात घातले आणि तिच्या हाती दिले. मीच दिले.

आठ दिवसांनी, गुरुवारी, ती आली ती टेकलीच नाही. डोळे सुजलेले. म्हणाली, "निरोप घ्यायला आले, मावशी. विद्यापीठाला कळवलंय, मी येत नाही."

"अगं, पण का?"

"त्यांची हरकत आहे. त्यांना मला तोंडावर सांगता आलं नाही, तुमच्या टेपला सांगितलं." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून कागद तीच त्यांना वाचून दाखवायची. त्या ओळीपाशी आल्यावर तिनं ती ओळ गिळली आणि पुढचं वाचलं. वडिलांना पत्ताही लागला नाही. "ते मला नाही म्हणाले असते तर भांडले असते मी. पण सांगायलाच जड गेलं त्यांना. आजारी माणसाशी कसं भांडू?" असं म्हणून तिनं खजुराची पुडी टेबलावर ठेवली आणि गेली.

घरी आले तर माझा चेहरा बघून विलास म्हणाला, "काय झालं? जॉब गेला का?" मी सगळं सांगितलं. नंबरवाल्या माणसाची गोष्ट घरी सांगणं हाही गुन्हाच, पण नवऱ्यापुढं मला कधी नियम आठवले नाहीत. त्यानं भाजी ढवळत ऐकून घेतलं आणि सहज म्हणाला, "मग तू जाऊन त्या अंकलना डायरेक्ट विचार ना यार. विचारायला काय हरकत आहे?"

हरकत! त्या खोकल्यामधून मी 'ऑब्जेक्शन' ऐकलंच नव्हतं. मी 'हरकत' ऐकलं होतं. कान म्हणाले हरकत, बोटांनी लिहिलं ऑब्जेक्शन. इतका घरचा शब्द, की तो परका आहे, कंसात टाकायचा आहे, हे ध्यानातच आलं नाही. पण तो अरबी बोलणारा म्हातारा माणूस आमच्या नागपूरचा शब्द कशाला वापरेल?

शुक्रवारी सकाळी ऑफिसला जाऊन ती ओळ पंधरा वेळा ऐकली. "देअर इज हरका", आणि लगेच खोकला. शेवटचा 'त' माझा होता, खोकला त्यांचा. संध्याकाळी डेव्हन ॲव्हेन्यूवर बसमधून उतरले ती थेट आमच्या वाणसामानाच्या दुकानाशेजारच्या मटणवाल्याकडे गेले. तो इराकचा. म्हटलं, "भाई, हरका म्हणजे काय हो?" त्यानं सुरी खाली ठेवली आणि दोन्ही हात पाखरासारखे हलवून दाखवले. "हालचाल. लगबग. घरात पोरंबाळं असली की असते ती."

मला रस्त्यावरच रडू फुटलं. माझ्या घरात लगबग आहे, सकाळपासून, तिला मी काय बोलणार, असं तो बाप म्हणाला होता. आणि मी, स्टेनोच्या वर्गात पहिली आलेली, त्या मुलीच्या हातात नकार टाइप करून दिला होता. एक 'अस्पष्ट' लिहायला माझा जीव गेला नसता.

कार्लसनसाहेब कुठल्याशा परिषदेला गेले होते. रविवारी नवालचं विमान. शनिवारी मी ऑफिस उघडून ती कॅसेट पर्समध्ये टाकली. विलास म्हणाला, "टेप बाहेर काढलीस? सुनंदा, आता मात्र खरंच जॉब जाईल." मग गाडीची किल्ली घेऊन म्हणाला, "चल. मी ड्राइव्ह करतो, तू वाक्यं पाठ कर."

तो खाली गाडीत बसला, मी वर गेले. दार नवालनं उघडलं. दिवाणखान्यात दोन बॅगा भरून तयार. खिडकीपाशी खुर्चीत एक बारीक, पांढऱ्या दाढीचा माणूस, गुडघ्यांवर ब्लँकेट. इतके महिने ज्यांचा श्वासन् श्वास ओळखत होते ते इतके लहानखुरे असतील असं वाटलं नव्हतं. मी उभ्यानंच म्हटलं, "सर, मी तुमची टायपिस्ट. माझ्याकडून चूक झाली आहे, आणि तिची शिक्षा तुमची मुलगी भोगते आहे."

घरून आणलेला छोटा टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवून मी ती ओळ लावली. नवालनं एकदा ऐकलं. पुन्हा लाव म्हणाली. मग वडिलांकडे वळून अरबीत भराभरा बोलायला लागली. मला एकच शब्द कळत होता, हरका, हरका. म्हातारे आधी गोंधळले, मग त्यांच्या लक्षात आलं.

"तू ही ओळ वाचलीस आणि मला विचारलं नाहीस?"

"तुम्ही 'बघू' म्हणालात आणि मला सांगितलं नाहीत."

मग ते माझ्याकडे वळले. "पण ऑब्जेक्शन आलं कुठून?" मी सांगितलं, की आमच्या भाषेत हरकत म्हणजे आक्षेप. घोडे विकणारे, फौजा, दरबारचे कारकून यांच्याबरोबर तुमचे शब्द आमच्याकडे आले आणि राहिले.

"आणि वाटेत हालचालीचा आक्षेप झाला?"

"आमच्या कचेऱ्यांत कुठल्याही हालचालीचा आक्षेपच होतो, सर. जमीन विकायची, नळ घ्यायचा, काहीही करायचं तर कचेरीतून कागद आणावा लागतो. त्याला म्हणतात ना हरकत दाखला."

"ना हरका," त्यांनी जिभेवर घोळवलं. "नो मूव्हमेंट. म्हणजे माणसाला 'हलू नका' असा कागद देता, आणि मग तो हलतो?" आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकले, नवालनं पाठ चोळली, तीही हसत होती, मीही. तीस वर्षं कचेरीत काढलेला माणूस तो, असला विनोद त्याला पोटातून कळला होता.

पण हसणं म्हणजे परवानगी नव्हे. खोली शांत झाल्यावर नवाल त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिनं इंग्रजीत विचारलं, मला कळावं म्हणून असेल, "मग बाबा, तुमची हरकत आहे का नाही?"

ते बोलेनात. मी सवयीनं सेकंद मोजायला लागले. चाळीस. पन्नास. बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ ओढत होतं. पासष्टाव्या सेकंदाला ते म्हणाले, "हजारो मुलींच्या बापांना मी विचारत असे, तुम्ही कशाला घाबरता? ते म्हणायचे, लोक काय म्हणतील. मी त्यांची समजूत काढायचो. आज मला कुणी विचारलं असतं तर मी पण तेच म्हणालो असतो. पण ते खोटं आहे. लोकांचा काही संबंध नाही. ही सकाळी उठते, खिडक्या उघडते, चहाचं भांडं आपटते, मला औषध घ्या म्हणून ओरडते. ती हरका मला हवी आहे. एवढंच."

नवालनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मला वाटलं आता उठून जावं. पण त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इतक्या लांब आलात. तुमचे वडील काय म्हणाले होते?"

माझे बाबा नागपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार होते. मला स्टेनोच्या वर्गाला घातलं तेव्हा सगळी वस्ती दारात आली. मुलगी मुलांबरोबर बसणार, अंधार पडल्यावर एकटी येणार. बाबा सायकल पुसत होते. त्यांनी वर न बघता एवढंच म्हटलं, "काय हरकत आहे?" मी नोकरीला मुंबईला निघाले तेव्हाही तेच. लग्न करून विमानात बसले तेव्हा विमानतळावरही तेच. भाषण नाही, उपदेश नाही. मी हे सगळं माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगितलं.

"आणि तुम्ही गेल्यावर? ते कसे होते?"

"मजेत होते. दर पत्रात लिहायचे, मी मजेत आहे, काळजी नसावी."

"हं," एकोणीस नंबर म्हणाले. "खोटं चांगलं बोलता येत होतं त्यांना."

इतकी वर्षं मी परक्यांचे विराम सेकंदांसकट लिहिले, आणि बाबांच्या पत्रांतल्या दोन ओळींमधली कोरी जागा एकदाही वाचली नव्हती. ते जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि मला वेळेवर पोचताही आलं नव्हतं. त्या परक्या माणसासमोर मी ओढणीनं डोळे पुसले. त्यांनी तिकडे बघितलंच नाही, हा त्यांचा मोठेपणा.

"ते वाक्य पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

"काय हरकत आहे."

"काय हरकत आहे," त्यांनी म्हटलं, 'ह' अगदी घशातून काढून. मग नवालला कागद आणायला सांगितला. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून ती बोटानं जागा दाखवत होती आणि ते लिहीत होते. शेवटी सहीच्या वर त्यांनी दोन शब्द जरा मोठे काढले. कचेरीत आयुष्यभर हाच शेरा मारला, म्हणाले, आणि मोठ्यानं वाचून दाखवला, "ला माने." मला तेवढ्यातही 'मनाई' ऐकू आली. मनाई नाही. या वेळी मात्र मी आधी विचारून खात्री करून घेतली.

रविवारी ते एकटेच गेले. विमानतळावर चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी नवालला हात केला, आणि मी पलीकडून बघत होते म्हणून मलाही. सोमवारी नवालनं विद्यापीठात जाऊन आपला नकार मागं घेतला. जागा अजून कुणाला दिलेली नव्हती. त्या आठवड्यात मी बाबांची सगळी पत्रं खोक्यातून काढून हळूहळू वाचली.

कार्लसनसाहेब परत आल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं कबूल केलं. चुकीचा शब्द, पर्समधली टेप, सगळं. त्यांनी खिशातलं सफरचंद काढून एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "ते टेपचं तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, सुनँडा. अस्पष्ट." पण त्या दिवसानंतर भिंतीवरच्या यादीत सगळ्यांत खाली त्यांच्या अक्षरात एक शब्द वाढला, 'पत्रं'. त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह होतं.

मोकळीक कशानं येते, हे मला अजूनही सांगता येणार नाही. तेलानं येत असेल, डिशनंही येत असेल. मी चारशेच्या वर टेपा ऐकल्या आणि मला जे ऐकू आलं ते एवढंच, की कुठंतरी एखादा बाप सायकल पुसता पुसता एक वाक्य म्हणतो, आणि नंतर पुष्कळ वर्षं मजेत असल्याचं लिहीत राहतो.

नवालनं दोन वर्षं पुरी केली. सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडे जेवायला यायची, चिवडा आता न रडता खायची. परत जाऊन तिनं दोन खोल्यांत बहिऱ्या मुलींचा वर्ग सुरू केला. त्याचा फोटो माझ्याकडे आहे. सात मुली, सगळ्यांनी एक हात गळ्यावर ठेवलेला, आवाज बोटांना कसा लागतो ते बघत.

एक पाकीट मात्र याच्या फार आधी आलं होतं, ती इथं शिकायला राहिली त्याच हिवाळ्यात. चौथ्या टेपचा मजकूर, एकोणीस नंबरांनी तपासून पाठवलेला. दुरुस्त केलेली प्रत मी त्यांना आधीच पाठवली होती, पण त्यांनी परत पाठवली होती ती जुनीच, चुकीची. कुणाकडून तरी वाचून घेतली असणार. पानापानावर थरथरती बरोबरची खूण होती. त्या ओळीपाशी आले आणि थांबले. 'ऑब्जेक्शन' हा माझा चुकलेला शब्द त्यांनी तसाच ठेवला होता. फक्त त्याच्या आधीचा 'इज' खोडून वर 'वॉज' लिहिलं होतं, आणि समासात लिहिलं होतं, "टायपिस्टबाईंनी बरोबर ऐकलं."

कार्लसनसाहेब म्हणाले, "आता काय करायचं? टेपवर तर हा शब्दच नाही." मी म्हटलं, "ते म्हणतात तसं करायचं, सर." आणि टाइप करायला बसले. माझ्या घरात हरकत होती.

होती. म्हणजे आता त्या घरात हरकत उरली नव्हती. माझ्या भाषेतली नव्हती, आणि त्यांच्या भाषेतलीही नव्हती.